कोत ये रिबे!

वसईतल्या राजोडीच्या किनाऱ्यावर एक वाक्य रोज घडतं : मांजर मासा खातं. टोपलीतून एखादी मांदेली निसटून वाळूत पडते, सुरूच्या झाडाखाली झोपेचं सोंग घेऊन पडलेलं मांजर उठतं आणि वाक्य पूर्ण करून निघून जातं. कर्ता मांजर, कर्म मासा, क्रियापद खातं. व्याकरणाच्या बाईंनी फळ्यावर लिहावं इतकं सरळ.

आता हेच वाक्य पोलिश भाषेत म्हणू या. पोलंड हा युरोपातला देश, वरच्या अंगाला बाल्टिक समुद्र, म्हणजे मासे आणि मांजरं तिथेही आहेतच. तिथली मुलं म्हणतात, ‘कोत ये रिबे.’ कोत म्हणजे मांजर, ये म्हणजे खातं, रिबे म्हणजे मासा. ‘कोत ये’ ऐकून कुणीतरी मांजराला हाक मारतंय असं वाटेल, पण ते तसं नाही. ते मांजर जेवतंय. त्याला बोलावू नका.

एकदा मोठ्याने म्हणा : कोत ये रिबे. जमलं? मग आता शब्दांची अदलाबदल करू. ‘रिबे ये कोत.’ काय झालं असेल? इंग्रजीत असं केलंत तर पंचाईत होते. तिथे मांजराच्या जागी मासा आणि माशाच्या जागी मांजर ठेवलं, की मासाच मांजराला गिळून बसतो. इंग्रजीत जो पुढे बसला तो खाणारा. पोलिशमध्ये मात्र काही बिघडत नाही. रिबे ये कोत, कोत रिबे ये, रिबे कोत ये, कसंही म्हणा, पोट मांजराचंच भरतं. बोलणाऱ्याचा जोर कधी मांजरावर पडतो, कधी माशावर, एवढाच फरक.

मग माशाला सूड घ्यायचा असेल तर? तर वाक्य असं होईल : ‘रिबा ये कोता.’

नीट ऐका. रिबेचं रिबा झालं आणि कोतचं कोता. माशाचं खरं नाव रिबाच. पण त्याला कुणीतरी खायला लागलं, की तो रिबे होतो. मांजराचं नाव कोत, पण ते कुणाच्या तरी तोंडी लागलं की कोता होतं. म्हणजे खाणारा कोण आणि खाल्ला जाणारा कोण, हे शब्द कुठे बसलाय त्यावरून कळत नाही. शब्दाच्या शेपटीवरून कळतं. शेपटी बघायची आणि ओळखायचं.

ही शेपटी तुमच्या चांगल्या ओळखीची आहे. शाळेत तिला प्रत्यय म्हणतात आणि शेपट्यांच्या यादीला विभक्ती. ‘स, ला, ते, स, ला, ना, ते’ असं तुम्ही कंटाळत का होईना, पाठ केलेलं असतं. त्यामुळेच ‘मांजराला मासा खातो’ आणि ‘मासा मांजराला खातो’ या दोन्ही वाक्यांत तुम्ही न चुकता मांजराबद्दल हळहळता. जागा बदलली तरी ‘ला’ मांजरालाच चिकटलेला आहे.

पण ‘मासा मांजर खातं’ म्हटलं तर? इथे ‘ला’ कुठेच नाही. तरी तुम्हाला कळलं ना? कसं कळलं? क्रियापदामुळे. ‘खातं’ म्हटलंय, ‘खातो’ नाही. मासा खाणारा असता तर ‘खातो’ आलं असतं. खातं म्हणजे मांजरच. इतका बारीक तपास तुमच्या डोक्याने डोळ्याचं पातं लवायच्या आत केला आणि तुम्हाला पत्ताही लागला नाही.

आता आपल्याकडे एक मजेशीर नियम आहे. ‘मी घर बघतो’ म्हणतो, ‘घराला बघतो’ सहसा म्हणत नाही. पण ‘मी ताई बघतो’ असं म्हणून बघा! ताई रागावेल, कारण ती काही बाजारात मांडलेली वस्तू नाही. ‘ताईला बघतो’ असंच म्हणावं लागतं. जिवंत माणूस असेल तर ‘ला’ लावायचा, निर्जीव वस्तू असेल तर बहुतेक वेळा नाही लावायचा. प्राण्यांच्या बाबतीत आपण थोडी ढिलाई देतो. ‘मांजर बघितलं’ चालतं आणि ‘मांजराला बघितलं’ही चालतं.

हजारो किलोमीटर लांब पोलंडमध्येही असाच नियम आहे, निदान पुल्लिंगी शब्दांसाठी. घराला पोलिशमध्ये दोम म्हणतात. ‘मी घर बघतो’ म्हणायचं तर ‘विद्झे दोम’. दोमला शेपटी लागली नाही. ‘मी मांजर बघतो’ म्हणायचं तर ‘विद्झे कोता’. मांजराला लगेच शेपटी आली, कारण ते जिवंत आहे आणि पोलिशमध्ये कोत पुल्लिंगी आहे. रिबासारख्या स्त्रीलिंगी शब्दांना मात्र, ते जिवंत असोत की नसोत, शेपटी लागतेच. रिबा स्त्रीलिंगी, म्हणून तिची रिबे झाली. हो, पोलंडमध्ये मासा ‘ती’ असते.

आणि आता राजोडीच्या, आगाशीच्या, एकूण वसईच्याच मुलांसाठी खास बातमी. केळ्याला पोलिशमध्ये बानान म्हणतात. तेही पुल्लिंगी. केळं काही जिवंत नसतं, म्हणजे ते घरासारखं बिनशेपटीचं राहायला हवं. पण रोजच्या बोलण्यात पोलिश माणूस ‘मी केळं खातो’ असं म्हणताना काय म्हणतो माहीत आहे? ‘येम बानाना’! मांजराला लावतो तीच शेपटी केळ्याला. टोमॅटोलाही तीच, पोमिदोर खाताना त्याचा पोमिदोरा होतो. जणू केळं हातातून निसटून पळणारच आहे आणि टोमॅटो ओरडणार आहे. व्याकरणाचे नियम करणाऱ्यांनी यावर कपाळाला आठ्या घातल्या असतील, पण लोक काही ऐकत नाहीत. आपल्याकडे आगाशीला राजेळी केळ्यांची सुकेळी वर्षानुवर्षं होतात, पण ‘मी सुकेळ्याला खाल्लं’ असं कुणी म्हणालेलं मी अजून ऐकलेलं नाही. केळ्याच्या मानसन्मानात पोलिश लोक आपल्या पुढे गेले म्हणायचे.

शेपट्यांचं आणखी एक बघा. शाळेत द्वितीया आणि चतुर्थी या दोन विभक्त्यांनी भल्याभल्यांना रडवलेलं आहे. ‘मी मांजराला बघते’ यातला ‘ला’ द्वितीयेचा आणि ‘मी मांजराला मासा देते’ यातला ‘ला’ चतुर्थीचा, असं बाई सांगतात. दोन्ही ‘ला’ जुळ्या भावांसारखे. कुणी ओळखायचे? पोलिश पोरांना हा त्रास नाही. बघायचं असेल तर कोता, द्यायचं असेल तर कोतू. ‘दाये कोतू रिबे’ म्हणजे ‘मी मांजराला मासा देते’. ऐकल्याबरोबर कळतं, कोण खाणार आणि कोण खाल्लं जाणार.

पण त्यांना दुसरा त्रास आहे, आणि तो मोठा आहे. आपला ‘ला’ कुणालाही चालतो : मांजराला, म्हशीला, माशाला, बाईला. पोलिशमध्ये प्रत्येक घराण्याची शेपटी वेगळी. पुल्लिंगी कोतला आ लागतो तिथे स्त्रीलिंगी रिबाला ए. मांजरासोबत जायचं तर कोतेम, माशासोबत जायचं तर रिबों. मला विचाराल तर इथे मराठी शहाणी ठरली. एकच ‘ला’ सगळ्या गावाला पुरतो.

अशा किती विभक्त्या आहेत पोलिशमध्ये? सात. आपल्याकडे प्रथमा ते सप्तमी सात आणि आठवं संबोधन. पोलिशमध्येही संबोधन आहे बरं का. देवाला ते बुग म्हणतात, आणि हाक मारताना म्हणतात ‘बोझे!’, आपण देवचं ‘देवा!’ करतो तसं. वडिलांचं ‘ओइचेत्स’ हाक मारताना ‘ओइचे’ होतं. वसईच्या चर्चमध्ये मराठीत प्रार्थना म्हणणाऱ्या मुलांना बापचा ‘बापा’ कसा होतो ते वेगळं सांगायला नको. मग आपल्या आठातली कोणती त्यांच्याकडे नाही? पंचमी. ऊन आणि हून. ‘कोल्हापूरहून’ म्हणायचं असेल तर ते ‘पासून’ अशा अर्थाचा छोटा शब्द आधी ठेवतात आणि षष्ठीला कामाला लावतात.

संस्कृतमध्येही आठच होत्या. हा योगायोग नाही. १७८६ साली कोलकात्यात विल्यम जोन्स नावाच्या न्यायाधीशाने भाषणात सांगितलं, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच जुन्या भाषेतून निघाल्या असाव्यात. पुढे अभ्यासकांनी त्या घराण्यात बऱ्याच भाषा शोधून काढल्या. त्यांत मराठी आहे आणि पोलिशही. म्हणून त्यांचा विस्तव ‘ओग्येन’ आहे आणि आपला अग्नी, त्यांचा धूर ‘दिम’ आणि संस्कृतातला धूम. अगदी लांबच्या चुलतभावंडांची नाकं सारखी निघावीत तशी ही विभक्तीची खोड दोघांत उरली. आपण मात्र वाटेत जुन्या शेपट्या बऱ्याच झिजवल्या आणि ला, ने, चा अशा नव्या लावून घेतल्या.

तुम्ही म्हणाल, राजोडीत बसून पोलिशचं काय करायचं? तर ऐका. एके काळी महाराष्ट्रात एक अख्खी वसाहत पोलिश बोलत होती. कोल्हापूरजवळ, पंचगंगेच्या खोऱ्यात, वळिवडे इथे.

झालं असं. १९३९च्या सप्टेंबरात पोलंडवर पश्चिमेकडून जर्मनीने आणि पूर्वेकडून सोव्हिएत संघाने हल्ला केला. पूर्वेकडच्या लाखो लोकांना पुढच्या दोन वर्षांत घरातून उचलून, आगगाडीच्या डब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात नेऊन टाकलं. थंडी, उपासमार, आजार. १९४१मध्ये जर्मनी सोव्हिएत संघावरच उलटला तेव्हा त्यांची सुटका झाली आणि १९४२मध्ये त्यांतले बरेच जण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणला पोचले. तिथून काही भारतात. जामनगरचे महाराज दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी इथे शेकडो पोलिश मुलांना आसरा दिला. १९४३मध्ये वळिवड्याला मोठी छावणी उभी राहिली. सुमारे ५,००० माणसं, त्यांत बहुतेक बायका आणि मुलं. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं व्हायची, बालवीरांची पथकं होती. हे सगळं १९४८पर्यंत चाललं. नंतर ती माणसं जगभर पांगली आणि त्या जागी फाळणीत घर गमावलेली सिंधी कुटुंबं राहायला आली. आजचं गांधीनगर ते हेच.

त्या शाळांमध्ये मुलं पोलिश शिकायची. आता विचार करा, त्यांच्या वाक्यात रोज एक नवा शब्द यायचा : कोल्हापूर. हा परका शब्द बिनशेपटीचा ठेवून कसं चालेल? पोलिश भाषा पाहुण्यालाही घरचे कपडे घालते. ‘कोल्हापुरात’ म्हणायचं तर होतं ‘फ् कोल्हापुझे’. फ् म्हणजे आत. आणि तो झ झाडातला नाही बरं. ‘श’ म्हणत राहा, गळ्यावर बोट ठेवा आणि आता गळा गुणगुणू द्या. बोटाला कंप जाणवला? निघाला तो आवाज. म्हणजे पोलिशमध्ये शेपटी लागताच कोल्हापूरच्या र चाच झ झाला.

हसू आलं? मग आपण काय करतो ते बघा. कोल्हापूर म्हणताना पू लांब. आणि कोल्हापुरात? पु तोकडा. शेपटी लागली की आपणही शब्दाला वाकवतो. फूल, पण फुलाला. दूध, पण दुधात. आणि मासा, पण माशाला! तिथे तर आपणही स चा श करून टाकतो. पोलिश मांजराचंही तेच. मांजराबद्दल बोलायचं तर ‘ओ कोच्ये’, म्हणजे कोतमधल्या त चा च्य. मासा वाकून माशा होतो, कोत वाकून कोच्ये होतो. शाळेत याला सामान्यरूप म्हणतात. नाव सामान्य आहे, प्रकार नाही. परदेशातून मराठी शिकायला येणारी माणसं इथेच घाम पुसतात.

राजोडीचं काय होईल, असा प्रश्न पडला असेल. दिल्लीला पोलिशमध्ये देल्ही म्हणतात आणि तो शब्द ते वाकवत नाहीत. राजोडीही ई-कारान्त आणि परकी, तेव्हा तिच्याही वाट्याला तेच यायचं. मुंबई मात्र बोंबाय म्हणून त्यांच्या तावडीत सापडली आणि ‘मुंबईत’ म्हणताना बोंबायु झाली.

वळिवड्यात वाढलेला एखादा मुलगा पुढे आजोबा झाल्यावर नातवंडांना सांगत असेल, ‘बिवेम फ् कोल्हापुझे.’ त्याची बहीण सांगत असेल, ‘बिवाम फ् कोल्हापुझे.’ अर्थ एकच, मग बिवेम आणि बिवाम असे दोन शब्द का? मराठीत सांगते : मी कोल्हापुरात होतो. मी कोल्हापुरात होते. आलं लक्षात? ‘मी’ म्हटल्यावर बोलणारा मुलगा की मुलगी, हे क्रियापद सांगून टाकतं. इंग्रजीत फोनवर आवाज नीट आला नाही तर काही कळायचं नाही. तो होता, ती होती, ते होतं. ओन बिव, ओना बिवा, ओनो बिवो. लिंगंही तीनच, आपल्यासारखी.

पण समजा त्याच मुलाला तेव्हा कुणी मराठी शिकवायला बसलं असतं, तर कुठे अडला असता सांगू? आपल्या किनाऱ्यावरच्या त्या मांजरापाशी. मांजराने मासा खाल्ला. मांजराने कोळंबी खाल्ली. मांजराने भजं खाल्लं. पोरगं डोकं धरून बसलं असतं : खाणारं मांजर एकच, मग खाल्ला, खाल्ली, खाल्लं असं क्रियापद का बदलतंय? पोलिशमध्ये झालेल्या गोष्टीतही क्रियापद खाणाऱ्याचं ऐकतं. मराठीत काम होऊन गेलं की क्रियापद खाणाऱ्याला सोडून जेवणाच्या ताटाकडे वळतं. तुम्ही हे दोन-तीन वर्षांचे असताना, कुणीही न शिकवता शिकलात. त्याबद्दल गुण मात्र कुणी दिले नाहीत.

पोलिशनेही आपल्याला अडवायची सोय करून ठेवली आहे. मांजर मासा खात नसेल तर? ‘कोत न्ये ये’ म्हणजे मांजर खात नाही, आणि पुढे ‘रिबे’ नाही, तर ‘रिबी’! ‘नाही’ म्हटलं की माशाची शेपटी बदलून ती षष्ठीची होते, म्हणजे जवळपास ‘मांजर माशाचं खात नाही’. खाल्ला तर एक शेपटी, नाही खाल्ला तर दुसरी.

आणि मांजरं मोजायला गेलात तर संपलंच. दोन मांजरं : द्वा कोति. तीन : त्शी कोति. चार : च्तेरी कोति. आतापर्यंत ठीक. पाचवं मांजर आलं, की एकदम ‘प्येंच कोतुफ’, म्हणजे ‘पाच मांजरांचे’. शिवाय चार मांजरं ‘खातात’, पण पाच मांजरं ‘खातं’! चार मांजरं अनेकवचनी आणि पाच झाली की क्रियापद एकवचनी. का? प्येंच हा शब्द मुळात आपल्या ‘डझन’सारखा एक गट दाखवायचा, ‘मांजरांचं एक पंचक’ अशा अर्थाने. गट एक, म्हणून खातं एक. आपण नाही का म्हणत, ‘मांजरांचं टोळकं मासे खातं’?

एक शेवटचा शब्द हवा असेल तर कोळ्यांचा घ्या. रिबा म्हणजे मासा, तसा रिबाक म्हणजे मासे पकडणारा, कोळी. पण ‘मी कोळी आहे’ म्हणताना अर्नाळ्याच्या कोळीदादाला पोलिशमध्ये ‘येस्तेम रिबाक्येम’ म्हणावं लागेल. ही तृतीयेची शेपटी, आपल्या ‘ने’ची. शब्दशः ‘मी कोळ्याने आहे’. सुरीने मासा कापतात ना, त्याच ‘ने’ने पोलिश माणूस स्वतःचा धंदा सांगतो. का, ते अजून माझ्या गळी नीट उतरलेलं नाही, पण म्हणायला छान वाटतं. येस्तेम रिबाक्येम!

आता परीक्षा. मावपा म्हणजे माकड, स्त्रीलिंगी, रिबासारखी. बानान म्हणजे केळं, बोलताना कोतसारखं. ये म्हणजे खातं. ही तीन वाक्यं वाचा :

बानाना ये मावपा.

बानान ये मावपे.

मावपे ये बानान.

एका वाक्यात माकड केळं खातंय. उरलेल्या दोन वाक्यांत केळं माकडाला खातंय. कोण कुठे बसलंय ते बघू नका. शेपट्या बघा आणि सांगा, कोणकोणत्या वाक्यांतल्या माकडाला वाचवायला धावायचं?